नाव, काम आणि दाम : हॉलिवुडच्या पटकथाकारांचा करारनामा वाचताना

१

‘लेखक कोण?’ हा प्रश्न साहित्यसमीक्षेत गेली साठेक वर्षे मोठ्या विद्वत्तेने विचारला जात आहे. १९६७मध्ये रोलाँ बार्थने लेखकाचा मृत्यू जाहीर केला आणि त्याचे पडसाद आपल्याकडच्या चर्चासत्रांतूनही बराच काळ उमटत राहिले. लॉस एंजेलिसमध्ये मात्र हाच प्रश्न त्याच्याही तीस-पस्तीस वर्षे आधी ऐरणीवर आला होता. तिथे त्याचे उत्तर शोधायला वकील, स्टुडिओंचे हिशेबनीस आणि पगारी पटकथाकार समोरासमोर बसत होते. उत्तर चुकले तर कुणाच्या तरी घराचे हप्ते थकत असल्यामुळे तिथे शब्द फार जपून वापरले गेले.

ते उत्तर ज्या दस्तऐवजात नोंदलेले आहे, त्याचे नाव ‘मिनिमम बेसिक अ‍ॅग्रीमेंट’, म्हणजे किमान मूलभूत करार. त्याच्या एका बाजूला ‘रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका’ ही पटकथाकारांची संघटना आहे. दुसऱ्या बाजूला स्टुडिओ, वाहिन्या आणि आता स्ट्रीमिंग कंपन्या यांच्या वतीने बोलणारी निर्मात्यांची ‘अलायन्स’ आहे. साधारणपणे दर तीन वर्षांनी कराराची मुदत संपते आणि नव्याने बोलणी सुरू होतात. ती फिसकटली की संप होतो. १९६०, १९८८, २००७-०८ आणि २०२३ हे त्यांतले मोठे संप. आपल्या वर्तमानपत्रांत त्यांच्या बातम्या येतात त्या अमुक मालिका रखडली, तमुक चित्रपट पुढे गेला एवढ्यापुरत्या.

मला हा करारनामा एक संहिता म्हणून वाचायचा आहे, कारण लेखक, लेखन आणि वाचन या तिन्हींची व्याख्या त्यात आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : हॉलिवुडच्या पटकथाकाराने लेखनाची मालकी सोडली आणि त्या बदल्यात नाव आणि मजुरी मिळवली. हा सौदा नव्वद वर्षे बऱ्यापैकी निभावला. सोडलेल्या मालकीची खरी किंमत मात्र आता, यंत्र लिहू लागल्यावर, समोर येते आहे.

२

मार्च १९३३मध्ये महामंदीच्या तडाख्यात स्टुडिओंनी पगार निम्म्यावर आणले. पुढच्याच महिन्यात ‘स्क्रीन रायटर्स गिल्ड’ नव्या रूपात उभी राहिली. जॉन हॉवर्ड लॉसन तिचा अध्यक्ष झाला. स्टुडिओंनी तिच्या विरोधात ‘स्क्रीन प्लेराइट्स’ या आपल्या मर्जीतल्या गटाला जवळ केले. १९३५च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याने कामगारांना संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा हक्क दिला, तेव्हा स्टुडिओंनी एक गमतीदार युक्तिवाद केला. पटकथाकार हे सर्जनशील व्यावसायिक आहेत, ते कामगार नव्हेत. सबब हा कायदा त्यांना लागू होत नाही.

हा युक्तिवाद कॉपीराइटच्या कायद्याशेजारी ठेवून पाहावा. पगारावर करवून घेतलेल्या कामाचा ‘लेखक’ म्हणजे ते करवून घेणारा मालक, असे अमेरिकेचा १९०९चा कायदा सांगत होता. त्यामुळे मालकीचा प्रश्न आला की पटकथाकार स्टुडिओचा नोकर आणि संघटनेचा प्रश्न आला की तोच स्वतंत्र कलावंत! लेखकाला सोयीप्रमाणे देव्हाऱ्यात बसवायचे आणि सोयीप्रमाणे ओसरीवर उभे करायचे, ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही. श्रमसंबंध मंडळाने १९३८मध्ये स्टुडिओंचे म्हणणे फेटाळले. निवडणुकांत पटकथाकारांनी गिल्डला कौल दिला आणि १९४२मध्ये पहिला सामूहिक करार अमलात आला.

पटकथाकाराने यात नेमके काय गमावले, हे त्याच्या सख्ख्या भावाकडे, नाटककाराकडे पाहिले की कळते. अमेरिकेतला नाटककार आपल्या नाटकाचा मालक असतो. त्याच्या संमतीवाचून संवादातला एक शब्द बदलता येत नाही. पण तो कुणाचा नोकर नसल्यामुळे त्याच्या संघटनेने सगळ्यांसाठी मिळून दर ठरवला, तर मक्तेदारीविरोधी कायदा आडवा येऊ शकतो. १९४५च्या रिंग विरुद्ध स्पिना या खटल्यात नाटककारांच्या संघटनेच्या कराराबाबत नेमका हाच प्रश्न उभा राहिला. पटकथाकाराची गोष्ट उलटी आहे. त्याचा शब्द कुणीही बदलावा, दुसऱ्याकडून पुन्हा लिहून घ्यावा, फेकून द्यावा. पण त्याला किमान वेतन आहे, आरोग्यविमा आहे, निवृत्तिवेतन आहे. नाटककाराकडे शब्द राहिला, पटकथाकाराकडे संघटना राहिली.

३

मालकी गेल्यावर उरले नाव. या करारातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग नावाविषयीचा आहे. पडद्यावर ‘पटकथा’ म्हणून कुणाचे नाव येणार याचा अंतिम निर्णय वाद झाल्यास स्टुडिओ करत नाही, दिग्दर्शक करत नाही, गिल्ड करते. तीन लेखक-पंच सगळे खर्डे वाचतात. खर्डे कुणाचे हे त्यांना सांगितले जात नाही. लेखक ‘अ’, लेखक ‘ब’ अशी खूण असते. वाद घालणाऱ्या लेखकांनाही पंच कोण हे कळत नाही. रचना, प्रसंग, पात्रे आणि त्यांचे परस्परसंबंध, संवाद या चार अंगांनी प्रत्येकाचा वाटा तोलला जातो. मूळ पटकथा स्वतंत्र असेल, तर मागाहून आलेल्या लेखकाला श्रेय मिळवायला निम्मा वाटा दाखवावा लागतो. रूपांतर असेल तर ३३ टक्क्यांहून अधिक पुरतो.

पाठचिकित्सेची परंपरा असलेल्या आपल्यासारख्यांना यात ओळखीचे काही दिसायला हवे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा मूळ ओवी कोणती आणि मागाहून घुसलेली कोणती, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. तिथे तो श्रद्धेचा होता, इथे पोटाचा आहे. निवाडा मात्र दोन्हीकडे संहिता वाचूनच होतो.

श्रेयनामावलीतला ‘आणि’सुद्धा या कराराने सुटा ठेवलेला नाही. दोन नावांमध्ये ‘अँड’ हा पूर्ण शब्द असेल, तर दोघांनी वेगवेगळे लिहिले, बहुधा एकामागून एक. त्याच जागी अँपरसँड हे गुंडाळलेले चिन्ह असेल, तर दोघे जोडीने लिहायला बसले होते. प्रेक्षकाच्या नजरेतून सुटणाऱ्या या फरकावर मोबदल्याची वाटणी ठरते.

पण समीक्षक म्हणून या पद्धतीतला एक कल नोंदवायला हवा. गिल्डच्या नियमपुस्तिकेत असे मान्य केले आहे, की संवादाची प्रत्येक ओळ बदलली गेली तरी एकंदर पटकथेत लक्षणीय बदल झाला नाही, असे पंचांना वाटल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे सांगाडा ज्याचा त्याची पटकथा. संवादाला नेहमीच्या श्रेयांत वेगळी जागा नाही. आपल्याकडची ‘कथा-पटकथा-संवाद’ ही त्रयी यापेक्षा वेगळे काही सांगते. ‘अर्धसत्य’ (१९८३) आठवावा. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे. मराठी कथेतला पोलीस हिंदीत बोलू लागतो, तेव्हा त्याची भाषा घडवणे हे स्वतंत्र लेखन आहे, हे आपली श्रेयनामावली विनातक्रार मान्य करते. अनेक भाषांच्या देशात ते कळायला नियमपुस्तिका लागली नाही. मात्र आपल्या श्रेयनामावलीमागे वाद सोडवणारे तीन निनावी पंच नाहीत, हेही तितकेच खरे.

४

नाव राखणारी ही संघटना एकदा नावाच्याच बाबतीत ढासळली. १९४७मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने हॉलिवुडमधल्या कम्युनिस्टांची चौकशी आरंभली. उत्तर द्यायला नकार देणाऱ्या दहा जणांना तुरुंगवास झाला. त्यांत गिल्डचा पहिला अध्यक्ष लॉसन होता, डाल्टन ट्रम्बो होता. स्टुडिओंनी काळी यादी चालवली, हे सर्वांना ठाऊक आहे. कमी बोलले जाते ते पुढचे. १९५२मध्ये गिल्डने स्टुडिओंना करारातच मुभा दिली, की समितीपुढे स्वतःला निर्दोष ठरवून न घेणाऱ्या लेखकाचे नाव पडद्यावरून गाळले तरी चालेल. हे कलम १९७७पर्यंत टिकून राहिले.

त्याचे परिणाम एखाद्या फार्ससारखे झाले. ‘रोमन हॉलिडे’च्या कथेचे ऑस्कर इयान मॅक्लेलन हंटरला मिळाले, कथा ट्रम्बोची होती. ‘द ब्रेव्ह वन’चे ऑस्कर ‘रॉबर्ट रिच’ला जाहीर झाले आणि असा कुणी लेखकच नव्हता, त्या नावाआडही ट्रम्बोच होता. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या इंग्रजी पटकथेचा मान फ्रेंच कादंबरीकार पिएर बूलला मिळाला, लिहिणारे कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन काळ्या यादीत होते. ‘रोमन हॉलिडे’वर ट्रम्बोचे नाव गिल्डने अधिकृतपणे परत आणले ते २०११मध्ये. त्याला जाऊन तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती.

या काळावरचा ‘द फ्रंट’ (१९७६) हा चित्रपट मला म्हणूनच ट्रम्बोवरच्या अलीकडच्या चरित्रपटापेक्षा खरा वाटतो. चरित्रपट एका प्रतिभावंताचा छळ आणि विजय दाखवतो. ‘द फ्रंट’चा नायक लेखक नाहीच, तो हॉटेलात गल्ल्यावर बसणारा सामान्य माणूस आहे आणि बंदी आलेल्या मित्रांना आपले नाव वापरायला देऊन त्यांच्या मानधनातला हिस्सा घेतो. नाव म्हणजे बाजारात भाड्याने मिळणारी वस्तू, एवढी एकच गोष्ट हा चित्रपट धरून ठेवतो. तो लिहिणारा वॉल्टर बर्नस्टीन, दिग्दर्शक मार्टिन रिट आणि नट झीरो मोस्टेल हे स्वतः काळ्या यादीत होते. शेवटच्या नामावलीत त्यांच्या नावापुढे बंदीचे वर्ष येते. श्रेयनामावलीच तिथे आरोपपत्र होते.

या प्रकरणातून एक गोष्ट ठळक होते. नाव ही लेखकाची अंगभूत मिळकत नव्हे. मागे उभी असलेली माणसे हटली, की ते पडद्यावरून पुसता येते.

५

‘रेसिड्युअल’ हा शब्द मराठी वाचकाला परका वाटेल. कल्पना परकी नाही. आपल्या छापील नाटकांच्या आतल्या पानावर हक्क, परवानगी आणि मानधनासंबंधीची सूचना असते. नाटक एकदा लिहिले तरी जितके प्रयोग होतील तितक्यांदा नाटककाराला काही मिळावे, हा त्यामागचा विचार. रेसिड्युअल म्हणजे पटकथाकाराचे प्रयोगामागचे मानधन. अडचण एवढीच, की नाटकाचा प्रयोग मोजता येतो. चित्रपटाचा ‘प्रयोग’ म्हणजे काय, हे प्रत्येक नव्या यंत्राबरोबर बदलते.

म्हणून मोठा संप बहुधा नव्या यंत्रापाठोपाठ आला आहे. दूरचित्रवाणी जुने चित्रपट विकत घेऊ लागली, तेव्हा १९६०चा संप झाला. रोनाल्ड रीगन अध्यक्ष असलेली नटांची संघटनाही त्या वर्षी संपावर होती. लेखकांना १९६०पूर्वीच्या चित्रपटांवरचे पाणी सोडावे लागले, पण पुढच्या चित्रपटांचा मोबदला आणि निवृत्ती व आरोग्याचे निधी पदरात पडले. १९८५मध्ये व्हिडिओ कॅसेटच्या बाबतीत मात्र गिल्ड हरली. उत्पन्नाचा फक्त २० टक्के भाग हिशेबात धरायचा आणि त्यावर दीड ते १.८ टक्के द्यायचे, असे ठरले. शंभर डॉलरच्या उत्पन्नामागे तीस ते छत्तीस सेंट. कॅसेट जाऊन डीव्हीडी आली, धंदा भरभराटला, सूत्र तेच राहिले. २००७च्या संपाच्या तोंडावर गिल्डने डीव्हीडीचा दर वाढवण्याची मागणी मागे घेतली आणि शंभर दिवसांच्या संपात इंटरनेटवरचा आपला अधिकार पक्का केला. तेव्हा इंटरनेटवर पैसा फारसा नव्हता. आज डीव्हीडी रद्दीत आहे. वाटाघाटीत काय सोडले आणि काय धरले, याचे मोल पुष्कळदा पंधरा वर्षांनी कळते.

स्ट्रीमिंगने आणखी एक गोष्ट केली : मोजणेच झाकून टाकले. किती जणांनी पाहिले हे कंपनीला माहीत, लेखकाला नाही. शिवाय वाहिनीवरच्या बावीस भागांच्या जागी आठ-दहा भाग आले, लेखकांची खोली लहान झाली आणि चित्रीकरणाआधीच मोकळी केली जाऊ लागली. गिल्डच्या आकडेवारीनुसार २०१३-१४मध्ये एक-तृतीयांश मालिकालेखक किमान दरावर काम करत होते. २०२१-२२पर्यंत ते प्रमाण निम्म्यावर आले. ‘किमान’ हा खालचा आधार होता, तो वरचे छत होऊ लागला.

२ मे २०२३ रोजी सुमारे साडेअकरा हजार लेखकांनी लेखणी खाली ठेवली. जुलैत नटही बाहेर पडले. १९६०नंतर दोन्ही संघटना प्रथमच एका वेळी संपावर होत्या. १४८ दिवसांनी संप मिटला. गिल्डच्या हिशेबाने तिच्या सुरुवातीच्या मागण्या वर्षाला सुमारे ४२.९ कोटी डॉलरच्या होत्या, स्टुडिओंचा देकार ८.६ कोटींचा होता आणि मिळाले ते २३.३ कोटींचे. लेखकांच्या खोलीत किमान किती जण हवेत, हे भागांच्या संख्येवरून ठरले. देशातल्या २० टक्के वर्गणीदारांनी पहिल्या ९० दिवसांत पाहिलेल्या कामाला जादा मोबदला मान्य झाला. पाहण्याचे तास कंपन्यांनी गिल्डला सांगायचे, पण गोपनीयतेच्या अटीवर. प्रयोग पुन्हा मोजता येऊ लागले. मोजणारा मात्र अजून निर्माताच आहे.

६

त्याच करारात कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे कलम आहे. त्याचे तर्कशास्त्र साधे आहे : यंत्र ही व्यक्ती नाही, म्हणून ते लेखक नाही, म्हणून त्याने तयार केलेला मजकूर ‘साहित्यसामग्री’ नाही. कंपनीने असा मजकूर लेखकाच्या हाती दिला तर तसे सांगायला हवे आणि त्यामुळे लेखकाचे श्रेय किंवा मोबदला कमी होता कामा नये. लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती करता येणार नाही. बार्थच्या लेखकाला पुनर्जन्म मिळाला, तो असा एका वेतनकरारात! त्यात प्रतिभेचा दावा नाही, आत्म्याची भाषा नाही. लेखक म्हणजे व्यक्ती, एवढेच. साहित्यशास्त्राला ही व्याख्या फार तोकडी वाटेल. मला ती पुरेशी वाटते, कारण भाडे, आजारपण आणि म्हातारपण व्यक्तीलाच असते.

तरी एक प्रश्न या करारातून निसटला. लेखकांनी आजवर लिहिलेल्या हजारो पटकथा यंत्राला शिकवायला वापरता येतील का? इथे दोन्ही बाजूंचे एकमत झाले नाही; हरकत घेण्याचा आपला हक्क गिल्डने राखून ठेवला, इतकेच. डिसेंबर २०२४मध्ये गिल्डने स्टुडिओंना जाहीर पत्र लिहिले, की आमचे लेखन यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी वापरले जात आहे, तुम्ही कायदेशीर कारवाई करा. या विनंतीतच सगळा इतिहास आहे. ज्याने लिहिले त्याला मालक म्हणून न्यायालयाची पायरी चढता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी ‘लेखक’ स्टुडिओ आहे. जून २०२५मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल यांनी मिडजर्नी या कंपनीवर दावा लावला खरा. तो आपल्या प्रसिद्ध पात्रांच्या चित्रांसाठी. पात्रांच्या तोंडी शब्द घालणाऱ्यांची बाजू मालकाला सोयीची असेल तेवढीच आणि तेव्हाच मांडली जाणार. १९३०च्या दशकातल्या सौद्याचे व्याज आता फेडायचे आहे.

७

आपल्याकडे सौदा नेमका उलटा झाला आहे. मुंबईत पटकथाकारांची संघटना १९६०मध्येच कामगार संघटना म्हणून नोंदवली गेली. आज ती ‘स्क्रीनरायटर्स असोसिएशन’ या नावाने ओळखली जाते. नाव पडद्यावर ठसठशीत यावे म्हणून ‘जंजीर’च्या वेळी सलीम-जावेद यांनी पोस्टरांवर स्वतःच आपली नावे रंगवून घेतली, ही हकीकत त्यांनीच सांगितलेली आहे. जे तिकडे तीन पंच करतात ते इकडे एका रंगाऱ्याने केले. पुढे जावेद अख्तर यांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयत्नांतून २०१२ची कॉपीराइट दुरुस्ती आली. तिच्यामुळे चित्रपटासाठी लिहिणाऱ्याला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराचे स्वामित्वधन मिळण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. कायदेशीर वारसाला किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. अमेरिकी पटकथाकाराला जे दर तीन वर्षांनी झगडून मिळवावे लागते, ते आपल्याला संसदेने एका कायद्यात दिले.

पण कायद्यात लिहिलेला हक्क आपोआप खिशात येत नाही. तो मोजणारा, मागणारा आणि मागणी फेटाळली तर काम थांबवणारा कुणी लागतो. एकेकट्याने करार करणाऱ्या नवख्या लेखकाने कायद्याचे कलम दाखवले, तर निर्माता पुढच्या लेखकाला फोन करतो. पुढचा लेखक नाही म्हणत नाही, हीच आपली खरी उणीव.

आपल्या ‘मानधन’ या शब्दातच हा घोळ दडलेला आहे, असे मला वाटते. मजुरी थकली तर मागता येते. मानधन मागितले की मागणाऱ्याचाच मान कमी होतो. १९३८मध्ये हॉलिवुडच्या लेखकांनी ‘तुम्ही कामगार नव्हे, कलावंत आहात’ हा स्टुडिओंनी देऊ केलेला मान नाकारला, तिथून त्यांची गोष्ट सुरू झाली. त्यांनी मालकीही सोडली, ती सोडायला नको होती हे आज दिसते. आपल्याकडे हक्क शाबूत आहे. तो वसूल करण्यासाठी लागणारी पुढच्या लेखकाची साथ मात्र अजून कोणत्याही कायद्यात लिहिता आलेली नाही.